टायरचा गेज घेताना: पीएसआय, बार, केपीए की किलो?

गाडीच्या टायरसाठी हवेचा दाब मोजणारा गेज घ्यायचा असेल, तर पीएसआयचे (पाउंड प्रति चौरस इंच) आकडे ठळक असलेलाच घ्या. पेट्रोल पंपावर हवा भरणारा ‘किती टाकू?’ विचारतो आणि आपण ‘तेहेतीस’ म्हणतो, ते पीएसआयच असतात. एककाचं नावही घ्यावं लागत नाही, आणि रोजच्या वापरात हीच सोय सगळ्यात मोठी.

बार हे दाबाचं दुसरं एकक; त्याचा गेज इथे मागे पडतो. 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय, त्यामुळे 0.1 बारची एक रेघ वाचायला चुकली की जवळपास दीड पीएसआयचा फरक पडतो. पण टायरचा दाब सांगणाऱ्या गाडीवरच्या स्टिकरवर आकडा बारमध्ये दिलेला असेल तर तोंडी हिशेब सोपा आहे: दहापट, अधिक चौपट, अधिक निम्मे. 2.2 बारचे 22, 8.8 आणि 1.1, एकूण 31.9. म्हणजे 32 भरायचे.

केपीए म्हणजे किलोपास्कल, बारचा शंभरावा भाग. स्टिकरवर 230 केपीए असेल तर सरळ सातने भागा. 33 च्या जवळ येतं. नेमकं उत्तर 33.4, पण टायरला तेवढं पुरतं.

राहिला किलो प्रति चौरस सेंटिमीटर, वर्कशॉपमधला नुसता ‘किलो’. 1 किलो म्हणजे 14.22 पीएसआय, बारपेक्षा दोनच टक्के कमी. टायरपुरते दोन्ही एकच धरले तरी बिघडत नाही: 2.25 किलोचे 32 पीएसआय, 2.25 बारचे 32.6. मात्र सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर मी किलोचाच गेज बसवायला सांगेन. दहा मीटर उभ्या पाण्याचा दाब जवळजवळ 1 किलो असतो. मजला तीन मीटरचा धरला तर सात मजल्यांचे 21 मीटर, म्हणजे पाणी नुसतं वर पोहोचायलाच 2.1 किलो हवेत. पाइपमधलं घर्षण आणि नळाला लागणारा दाब त्यावर वेगळा. हा हिशेब पीएसआयमध्ये मांडून बघा, किती आकडेमोड वाढते ते कळेल.

एककाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, गेजची कमाल मर्यादा बघा. दुकानात याबद्दल कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. काट्याच्या गेजची चूक बहुधा पूर्ण मापाच्या टक्क्यांत सांगतात. 160 पीएसआयच्या गेजवर अडीच टक्के म्हणजे 4 पीएसआय. काटा 33 वर असताना खरा दाब 29 ते 37 यांतला काहीही असू शकतो. तेवढ्याच टक्क्यांच्या 60 पीएसआयच्या गेजवर चूक दीड पीएसआयची. कारला आणि स्कूटरला 60 चा उत्तम. रेसिंग सायकलला जास्त दाब लागतो, तिच्यासाठी मोठा घ्यावाच लागेल.

गेज शून्य दाखवतो तेव्हाही टायरमध्ये बाहेरच्या हवेइतका दाब असतोच; गेज फक्त त्यावरचा दाखवतो. म्हणून मुंबईहून महाबळेश्वरला, साधारण 1,350 मीटरवर, गेल्यावर हवा तितकीच असूनही काटा दोनेक पीएसआय वर सरकायला हवा. पण वर गारवा असतो, आणि टायर निवला की त्यातला बराच फरक निघून जातो. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा आणखी चढतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे, तेव्हा गाडी बाहेर काढण्याआधी सकाळीच गेज लावा.