फ्लॅशकार्ड, बाराखडी की अक्षरगट? मुलाला मराठी वाचायला शिकवण्याआधी

माझी भाची साडेचार वर्षांची असताना तिच्याकडे तीस फ्लॅशकार्डांचा गठ्ठा होता. बदक, कमळ, बटाटा, विमान... धडाधड वाचायची. आजीने शेजारच्या काकूंना बोलावून प्रयोगही करून दाखवला होता. एका रविवारी मी तेच शब्द पाटीवर लिहिले आणि कमळापाशी गाडी अडली. "मावशी, यावर पिवळा डाग कुठंय?" असं तिनेच विचारलं, तेव्हा उलगडा झाला. कमळाच्या कार्डावर कधीतरी वरण सांडलं होतं. पोरगी डाग वाचत होती.

पुढे कळलं, की अमेरिकेत फिलिप गफ आणि सहकाऱ्यांनी हे मुद्दाम करून पाहिलंय. वाचता न येणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी चार शब्दांची कार्डं पाठ करायला दिली आणि एका कार्डाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा ठेवला. ठसा नसलेल्या कार्डावर तोच शब्द दाखवला, तर बऱ्याच मुलांना तो ओळखू येईना. नुसता ठसा दाखवला, तर मात्र शब्द बरोबर सांगायची.

मुलाला घरी मराठी वाचायला कसं शिकवायचं, हे इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे आईबाप हल्ली मला विचारतात. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि घरी काहीतरी करायला हवं हे लक्षात आलं. पण करायचं काय? बाजारातली फ्लॅशकार्डं आणायची, आजोबांसारखी बाराखडी घोकून घ्यायची, की अक्षरगटांनी, म्हणजे थोडी अक्षरं शिकून लगेच त्यांचेच शब्द वाचत जायचं? निवड करण्याआधी आपण मोठी माणसं शब्द कसा ओळखतो ते पाहायला हवं, कारण फ्लॅशकार्डवाल्यांचा सगळा दावा त्यावरच उभा आहे.

मोठी माणसं आख्खा शब्द बघतात?

दावा असा: तुम्ही "सकाळ" वाचता तेव्हा स-का-ळ असं जुळवत बसत नाही, एका नजरेत शब्द येतो. मग मुलालाही आख्खा शब्दच द्या.

पहिला भाग खोटा नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॅटेल याने जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रयोगशाळेत वेळ मोजून पाहिला होता. १८८६ मध्ये त्याने लिहिलं, की छोटा शब्द वाचून सांगायला जवळजवळ एका सुट्या अक्षराइतकाच वेळ लागतो. १९६९ मध्ये जेराल्ड रायशर याने आणखी चमत्कारिक गोष्ट दाखवली. पडद्यावर क्षणभर शब्द चमकवायचा, लगेच पुसायचा आणि विचारायचं, शेवटी अमुक अक्षर होतं की तमुक? मराठीत कल्पना करायची तर "कमळ" दाखवून "शेवटी ळ होता की ल?" दोन्ही अक्षरांनी खरा शब्द होतो, त्यामुळे अंदाज मारून सुटका नाही. सुटं अक्षर चमकवलं त्यापेक्षा शब्दातलं अक्षर लोक जास्त अचूक सांगत होते.

फ्लॅशकार्डवाले इथे थांबतात. पुढची गोष्ट त्यांच्या सोयीची नाही. १९८१ मध्ये मॅक्लेलंड आणि रुमेलहार्ट यांनी या कोड्याची उकल मांडली. अक्षरं एकामागून एक नव्हे, एकाच वेळी ओळखली जातात. जरा ओळखू आली, की ती शब्दाला जागं करतात आणि जागा झालेला शब्द उलट आपल्याच अक्षरांना आधार देतो. म्हणजे शब्दाची मदत होते, पण ती अक्षरांमार्फतच. २००३ मध्ये डेनिस पेली आणि सहकाऱ्यांनी याला आणखी पक्की जोड दिली: शब्द कितीही ओळखीचा असो, त्यातली अक्षरं सुटी ओळखता येण्याइतकी स्पष्ट नसतील तर तो वाचता येत नाही. आपल्याला जो "एका नजरेत" वाटतो, तो वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेला वेग आहे.

शब्दाच्या बाह्य आकाराचा मुद्दा तर मराठीत आणखी लंगडा पडतो. रोमन लिपीत उंच-बुटक्या अक्षरांनी शब्दाला काहीतरी बाह्यरेषा येते. आपल्याकडे शिरोरेषेखाली सगळी मंडळी एका उंचीची. "घर" आणि "धर", "भात" आणि "मात" लांबून बघा. फरक आहे तो अक्षराच्या पोटात किंवा रेषेतल्या बारीकशा फटीत. बाह्यरेषेवर विसंबणारं मूल इथे फसणारच.

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मजकूरही आठवत असेल. पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर ठेवा, मधली कशीही फिरवा, तरी वाचता येतं, केंब्रिजच्या संशोधनात म्हणे सिद्ध झालंय. असं संशोधन केंब्रिजचं नव्हतंच. या विषयावरचा जुना प्रबंध ग्रॅहम रॉलिन्सनचा, १९७६ चा, नॉटिंगहॅम विद्यापीठातला. २००६ मध्ये कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी वाचकांचा वेग मोजला. मधली अक्षरं फिरवली तर वेग सुमारे ११ टक्के घटला, सुरुवातीची फिरवली तर ३६ टक्के. वाचता येतं, पण फुकट येत नाही. आख्खा शब्द चित्रासारखा ओळखला जात असता, तर अक्षरांच्या जागेला एवढी किंमत नसती.

आता तिन्ही वाटा

फ्लॅशकार्डं पहिल्या महिन्यात जिंकतात, हे मान्य. मूल खूश, आजी खूश. पण चाळीसेक शब्दांनंतर ओझं वाढत जातं, कारण प्रत्येक नवा शब्द म्हणजे नवं चित्र आणि जुन्याची मदत शून्य. "कमळ" येणाऱ्या मुलाला "कळ" वाचता येत नाही. मग ते चित्र बघून ठोकून देतं. इथे एक उलटी समजूत आहे, की हुशार वाचक संदर्भावरून अंदाज बांधत वाचतो. किथ स्टॅनोविच यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिलं, की शब्द ओळखण्यासाठी संदर्भाच्या कुबड्या कच्चे वाचकच जास्त घेतात. पक्क्या वाचकाला शब्दच इतक्या झटकन उमगतो, की अंदाजाची गरज पडत नाही.

बाराखडीचं दुखणं वेगळं. ती पाया योग्य घालते, अक्षर आणि आवाज यांची सांगड. पण क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, या चालीत एक गंमत आहे: डोळे मिटूनही ती म्हणता येते. चौतीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे ४०८ रूपं, आणि जोडाक्षरं अजून दारातच उभी. वर्षभर एकही अर्थाचा शब्द न वाचता हे करणं मुलाच्या जिवावर येतं, आणि शिकवणाऱ्याच्याही. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी काम केलंय. तिथेही लिपी आपल्यासारखीच अक्षरांची, आणि सगळी अक्षरं अंगवळणी पडायला मुलांना प्राथमिक शाळेची चार-पाच वर्षं लागतात. तोवर वाचन थांबवून ठेवायचं?

पहिल्या वेलांटीचा तर स्वतंत्र कज्जा आहे. "विमान" लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार व चा आधी. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर दाखवलं, की अशी वेलांटी असलेले शब्द उच्चारायला जास्त वेळ लागतो. लहानग्याने तिथे अडखळणं हा आळस नव्हे. फ्लॅशकार्डात ही अडचण झाकली जाते, बाराखडीत ती दुसऱ्याच आठवड्यात डोक्यावर आदळते.

अक्षरगटाची वाट माझ्या पसंतीची, लपवत नाही. पाच अक्षरं आणि एक काना घ्या: न, म, क, र, ग. पहिल्याच आठवड्यात कान, नाक, मामा, काका, नाग, राग, मगर, नगर, गरम तयार, थोडं रेटलंत तर "कामगार"सुद्धा. अक्षर शिकायचं आणि त्याच दिवशी ते कामाला लावायचं. मग पुढचा गट, पुढचं स्वरचिन्ह. वेलांटी येते, पण ओळखीच्या अक्षरांवर बसून. मराठीत या प्रकारचं काम मुळापासून झालंय, त्यात १९८४ मध्ये मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणला सुरू केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेचं नाव आधी घ्यावं लागेल. खोट एकच: आयता संच आणून भागत नाही, रोज पंधरा मिनिटं कुणीतरी मोठ्या माणसाने शेजारी बसावं लागतं. ज्यांना तेवढा वेळ नाही, त्यांनी निदान आजोबांना बाराखडीची चाल बंद करून शब्द करायला लावावं.

आणि "एका नजरेत" येण्याचं काय? ते इथूनच येतं. डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडलं, की मूल नवा शब्द स्वतः जुळवून वाचतं, तेव्हा ते त्याची ठेवण आपोआप मनात साठवतं. असा शब्द काही वेळा भेटला, की जुळवणं संपतं.

दोन अपवाद. मुलाचं स्वतःचं नाव, "आई", "बाबा", आणि "आहे", "नाही", "आणि" असे पावलोपावली भेटणारे पाच-सात शब्द खुशाल आख्खे द्या. दुसरा, ज्याला हिंदी वाचता येतं त्याला. त्याची अक्षरं झालेलीच असतात. ळ, "दऱ्या" या शब्दातला तो अर्धा र आणि च-ज चे दोन उच्चार दाखवले, की तो थेट शब्दांवर उडी मारू शकतो.

कार्डं आधीच आणली असतील, तर एक चाचणी घ्या. कार्डावर नसलेला, पण त्याच अक्षरांचा शब्द कागदावर लिहा. अर्थ नसलेलाही चालेल, "रगम" म्हणा. मुलाने जुळवून वाचला तर काळजी नको, कार्डं चालू ठेवा. तोंडाकडे बघत बसलं, तर कात्री घ्या. आम्ही कमळाचे तीन तुकडे केले. वरणाचा डाग म वर आला. दुसऱ्या दिवशी भाचीने म बाजूला सारला, उरलेले दोन तुकडे जवळ ओढले आणि पोट धरून ओरडली, "कळ!"