मेणवलीला जाताना एफपी४ की एचपी५?

दोन्ही कृष्णधवल फिल्म, इलफर्डच्याच. एफपी४ प्लस १२५ आयएसओची, एचपी५ प्लस ४०० ची (आकडा मोठा, तितकी फिल्म कमी उजेडात चालते).

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर भर उन्हात पायऱ्या टिपायच्या तर एफपी४ भरा. फिल्मचा दाणा बारीक, त्यामुळे काळ्या दगडावरचे छिन्नीचे घाव मोठ्या प्रिंटमध्येही सुटे दिसतात. शिवाय हिशेब सोयीचा: लख्ख उन्हात एफ/१६ ला (लेन्सचं छिद्र) शटर १/१२५ सेकंद, म्हणजे एफ/५.६ ला १/१०००. तिथेच एचपी५ ला १/४००० लागतो, आणि तो जुन्या मेकॅनिकल कॅमेऱ्यांत सहसा नसतोच.

पण घाट सोडून नाना फडणवीसांच्या वाड्यात शिरलात की एफपी४ चं काही चालत नाही. आतल्या अंधारात शटर इतका मंदावतो की स्टँडशिवाय फोटो हललाच म्हणून समजा. एचपी५ तिथे हाताने निभावते, फार तर १६०० ला पुश करा, म्हणजे १६०० ची समजून फोटो काढा आणि डेव्हलपिंग जास्त वेळ करा. दाणा जाड होतो, सावल्यांतला तपशील थोडा जातो. लाकडी खांबांना ते शोभतं, असं माझं मत.

पावसाळ्यात कास-बामणोलीकडे जाणार असाल तर प्रश्नच नाही, एचपी५. ढगाळ उजेडात पिवळा फिल्टर लावून एफपी४ वापरणं म्हणजे शुद्ध हौस.