बोट लागली की साथ लागली? मुंबई–गोवा क्रूझचे एक परीक्षण

गेल्या मार्चमध्ये मी, माझी पत्नी, मेहुणी आणि साडू असे चौघे मुंबई–गोवा–मुंबई अशा तीन रात्रींच्या क्रूझवर जाऊन आलो. खोली, जेवण आणि करमणूक यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे त्याविषयी एवढेच सांगतो की खोली लहान पण नीटनेटकी होती, जेवण चांगले होते, तळलेली सुरमई मात्र कोकणातल्या माणसाच्या गळ्याखाली उतरेल अशी नव्हती, आणि रात्रीच्या कार्यक्रमाचा आवाज आमच्या वयाला सोसवणारा नव्हता. मला लिहायचे आहे ते जहाजावर कोणी आजारी पडले तर काय होते याबद्दल. मी मूळचा गुहागर तालुक्यातला. २६ वर्षे परदेशी प्रवासी जहाजांवर तारवटी म्हणून काढली, केबिन स्टुअर्ड म्हणून चढलो आणि हाऊसकीपिंग सुपरवायझर म्हणून उतरलो, त्यामुळे जहाजावर पाऊल ठेवले की माझी नजर झुंबराआधी जिन्याच्या कठड्याकडे जाते. कंपनीकडे सविस्तर तक्रार पाठवली आहे आणि तिचे उत्तर यायचे आहे, म्हणून तूर्त नाव लिहीत नाही.

सुरुवात मुंबईच्या टर्मिनलवरच्या आरोग्य-फॉर्मपासून झाली. गेल्या काही दिवसांत उलटी, जुलाब, ताप, खोकला यांपैकी काही झाले आहे का, असे त्यावर विचारलेले असते. ‘होय’ लिहिणाऱ्याला चढू न देण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे, आणि तिकिटाच्या अटींप्रमाणे निघण्याच्या दिवशी प्रवास रद्द झाला तर एक पैही परत मिळत नाही. चौघांचे मिळून लाखाच्या घरात पैसे भरून, बॅगा बांधून, रात्रीच्या गाडीने मुंबई गाठलेले कुटुंब अशा फॉर्मवर काय लिहील हे सांगायला नको. माझ्या पुढच्या गृहस्थांनी तर प्रश्न न वाचताच सगळ्या ‘नाही’वरून एक उभी रेघ ओढली, मी ती पाहिली आणि फॉर्म घेणाऱ्या मुलीनेही पाहिली. आजारपणामुळे थांबवलेल्या प्रवाशाला पुढच्या फेरीचे तिकीट देणे कंपनीला एका साथीपेक्षा केव्हाही स्वस्त पडेल, पण तसा पर्याय फॉर्मवर नव्हता.

शनिवारी संध्याकाळी जहाज गोव्याहून सुटले आणि रात्री साडेनऊच्या सुमाराला, जेवणघरातून बाहेर पडताना, आमच्या साडूंना सातव्या डेकच्या जिन्यापाशी एकाएकी उलटी झाली. ‘बोट लागली असेल,’ असे म्हणत त्यांनी रुमालाने तोंड पुसले आणि खोलीत जाऊन ॲव्होमिनची गोळी घेतली.

या ‘बोट लागणे’ शब्दाने आपला मोठा घात केला आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड करत रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे जाई, तेव्हा डेकवर चटई टाकून पडलेल्यांपैकी निम्म्यांना ती लागलेली असे. लिंबू हुंगायचे, आवळासुपारी चघळायची आणि आपले बंदर येऊन किनाऱ्यावर नेणारी होडी, म्हणजे पडाव, आगबोटीच्या अंगाला लागेपर्यंत डोळे मिटून राहायचे, एवढाच त्यावर उपाय होता, आणि त्यात कोणाला लपवण्यासारखे किंवा सांगण्यासारखेही काही वाटत नसे. ती आगबोट कधीच बंद झाली, पण पाण्यावर झालेली उलटी म्हणजे बोट लागण्याचीच, हा समज आपल्यात मुरून राहिला आहे. प्रत्यक्षात बोट लागलेल्या माणसाला उलटीआधी बराच वेळ मळमळते, तो घामेजतो, पांढराफटक पडतो, मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहत बसला की त्याला जरा बरे वाटते, आणि त्याला जुलाब किंवा ताप सहसा नसतो. नोरोव्हायरस या पोटाची साथ पसरवणाऱ्या विषाणूची उलटी मात्र अशी पूर्वसूचना फारशी देत नाही आणि तिच्यामागोमाग जुलाब, पोटातला मुरडा, अंगदुखी, कधी थोडी कणकण येते. शिवाय त्या रात्री समुद्र तळ्यासारखा संथ होता. टेबलावरच्या पेल्यातले पाणीही हलत नव्हते. पहाटेपर्यंत साडूंना पाच जुलाब झाले, तेव्हा बोटीवरचा आळ आपोआप उतरला.

नोरोव्हायरस हे नाव अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील नॉरवॉक या गावावरून आले आहे. तिथल्या शाळेत १९६८ मध्ये उलट्यांची साथ आली आणि १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू प्रथम दिसला. लागण व्हायला त्याचे अगदी मोजके कण पुरतात आणि कठडा, दाराची मूठ, लिफ्टचे बटण अशा जागी तो कित्येक दिवस तग धरतो. शरीरात शिरल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि बहुतेक माणसे एक ते तीन दिवसांत बरी होतात. आम्ही शुक्रवारी दुपारी चार वाजता चढलो होतो, त्यामुळे साडूंनी हा पाहुणा घरून आणला की जहाजावर मिळवला हे सांगता येत नाही. नमुना तपासला गेला नाही, म्हणून तो नोरोव्हायरसच होता असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. मात्र तपासणी होईपर्यंत जहाजाने तो आहे असे धरूनच वागायचे असते.

आता त्या जिन्यापाशी काय घडले ते सांगतो, कारण जहाजाची परीक्षा अशाच वेळी होते. पहिल्या मिनिटाला जेवणघरातला एक पोरसवदा वाढपी पोछा आणि बादली घेऊन धावत आला आणि वाकून गालिचा पुसू लागला. त्याच्या हातांत मोजे नव्हते, तोंडाला मास्क नव्हता. पुसून उलटी नाहीशी होत नाही, ती पसरते, आणि पोछा जिथे धुतला जाईल तिथपर्यंत पोचते. तीन-चार मिनिटांत हाऊसकीपिंगची सुपरवायझर आली आणि तिने त्याला हाताने थांबवले. यापुढचे काम मी डोळे भरून पाहिले. तिने दोन्ही बाजूंनी दोरी लावून जिना बंद केला, लिफ्टकडे एक माणूस उभा करून लोकांना दुसरीकडून वळवले, दोघांना अंगभर गाऊन, मोजे आणि मास्क चढवायला लावले, उलटीवर शोषक पावडर टाकून ती घट्ट होऊ दिली, पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी खरवडून लाल पिशवीत भरली आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. गालिच्यावर ब्लीच चालत नाही म्हणून तिथे वाफेचे यंत्र फिरवले, आणि कठडा, भिंतीचा खालचा भाग, लिफ्टची बटणे क्लोरीनच्या द्रावणाने ओली करून तशीच ठेवली. हे द्रावण १,००० ते ५,००० पीपीएमचे, म्हणजे दहा लाख भागांत तितके भाग क्लोरीन असलेले, लागते आणि त्याला काही मिनिटे काम करू द्यावे लागते. ओले केले की लगेच कोरडे पुसणारे लोक मी चांगल्या चांगल्या जहाजांवर पाहिले आहेत. या बाईंनी घड्याळात पाहून दहा मिनिटे कोणाला हात लावू दिला नाही. त्यांच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

पण तो पहिला वाढपी? सगळ्यांचे लक्ष गालिच्याकडे असताना त्याने हात ॲप्रनला पुसले, बादली कोपऱ्यात ठेवली आणि तो आत गेला. वीस मिनिटांनी मी पाणी आणायला गेलो तेव्हा तो त्याच ॲप्रनमध्ये आइस्क्रीमच्या काउंटरवर उभा राहून लहान मुलांना कोन भरून देत होता.

रात्री डॉक्टरांकडे जायचे म्हटल्यावर कळले की तपासणीची फी साडेतीन हजार रुपये, औषधे वेगळी. साडूंनी ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून चादर ओढून घेतली, आणि चार वाजता मेहुणीने फोन करून मला उठवले तेव्हाच आम्ही त्यांना खाली नेले. डॉक्टर मनमिळाऊ होते. त्यांनी उलटी थांबवणारे इंजेक्शन दिले, ओआरएसची पाकिटे दिली, आणि त्रास थांबून २४ तास होईपर्यंत खोलीबाहेर पडू नका असे बजावले. माझा आक्षेप फक्त फीला आहे. परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर पोटाच्या साथीच्या वेळी असा रुग्ण फुकट तपासलेला मी पाहिला आहे. त्यात धर्मादाय काही नसते, कारण न सांगणारा रुग्ण रात्रभर जहाजात फिरत राहतो. आमच्या प्रकरणात सहा तास फुकट गेले.

खोलीत ठेवण्याची व्यवस्था अर्धीच होती. जेवण दाराबाहेर ठेवले जाई, कपडे आणि चादरी वेगळ्या पिशवीतून जात, आणि भटारखान्यातल्या कोणा कोकणी माणसाने न सांगता मीठ घातलेली भाताची पेज आणि मेतकूट पाठवले, ज्याने साडूंना औषधाइतकाच हात दिला असावा. मात्र त्याच खोलीत झोपलेल्या मेहुणीला बाहेर पडू नका असे कोणीही सांगितले नाही, आणि ती रविवारी सकाळी बुफेच्या रांगेत उभी होती. तिला मीच परत पाठवले, त्यावरून आमच्यात जे झाले ते इथे लिहीत नाही.

त्या बुफेवर वाढायचे डाव कर्मचाऱ्यांच्याच हाती होते, हे चांगले होते. दाराशी सॅनिटायझरचा फवारा घेऊन उभा असलेला हसतमुख मुलगा मात्र शोभेचा होता, कारण अल्कोहोलचा सॅनिटायझर नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही, तिथे साबण आणि वाहते पाणीच लागते; आणि हात धुण्याची बेसिने बुफेच्या मागे एका वळणावर, बाणही न लावता ठेवली होती. बाहेर पडण्याच्या दाराशी बडीशेप आणि खडीसाखरेची वाटी होती. तिच्यात एक चमचा होता, पण मी मोजलेल्या चाळीस माणसांपैकी अकरा जणांनी चमचा वापरला आणि बाकीच्यांनी चिमूट घेतली. नोरोव्हायरसने स्वतःसाठी एखादी सोय करून घ्यायची ठरवली असती, तर याहून चांगली वाटी त्याला सुचली नसती.

आमची खोली आवरणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा निघाला. आजारी पडल्यावर तुम्ही कळवता का, असे मी सहज विचारले, तर तो म्हणाला, ‘काका, आजारी म्हणान सांगलंय तर त्या दिवसाची टीप जाता.’ २००६ च्या सागरी कामगार करारानुसार जहाजावर आजारी पडलेल्या खलाशाचा पगार चालू राहतो आणि उपचाराचा खर्च कंपनीवर असतो, आणि भारताने २०१५ मध्ये या कराराला मान्यता दिलेली आहे. टीप मात्र पगारात मोडत नाही, आणि या मुलांचे घर बरेचसे टिपेवर चालते. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांना जे नियम लागू आहेत, त्यांनुसार पोट बिघडलेला खानपान विभागातला माणूस लक्षणे थांबल्यावरही किमान ४८ तास वेगळा ठेवावा लागतो आणि इतर विभागांतला २४ तास; प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के आजारी पडले की ती साथ म्हणून जाहीर होते. तिथले निरीक्षक न सांगता येत आणि १०० पैकी ८६ गुण मिळवले तरच जहाज उत्तीर्ण होई, त्यामुळे आमचे कप्तान आजारी वाढप्याला स्वतः केबिनमध्ये पाठवत.

कर्मचाऱ्यांकडे न पाहता प्रवाशांना कितीही जपले तरी काय होते, हे फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेसवर दिसले. त्या जहाजावर ३,७११ माणसे होती आणि ७१२ जणांना करोनाची लागण झाली. प्रवासी खोल्यांत बसवलेले होते, पण त्यांच्या दारापर्यंत ताटे नेणारे कामावरच होते, एकाच केबिनमध्ये दोघे राहत आणि एकत्र जेवत. ९ फेब्रुवारीपर्यंत लागण निश्चित झालेल्या २० कर्मचाऱ्यांपैकी १५ जण खानपान विभागातले होते. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतले १३२ कर्मचारी. कर्मचाऱ्यांच्या दाटीत केवळ पोटाचेच रोग फिरतात असेही नाही: उष्ण प्रदेशांतल्या पुष्कळ माणसांना लहानपणी कांजिण्या येत नाहीत, त्यामुळे त्यांना त्या मोठेपणी, जहाजावर असताना येऊ शकतात, आणि आमच्या शेजारच्या गावचा एक तारवटी सत्ताविसाव्या वर्षी कांजिण्या अंगावर घेऊन तीन आठवडे एकटा पडून होता.

पाच पैकी मी तीन तारे देतो, त्यांतला दीड त्या सुपरवायझरबाईंचा. लहान मूल किंवा सत्तरीपुढचे माणूस सोबत असेल तर साबणाची वडी आणि ओआरएस घरून न्यावे, डॉक्टरांची फी भरणारा प्रवासविमा घ्यावा, आणि बडीशेप घरी येऊन खावी.

सोमवारी सकाळी आम्ही मुंबईत उतरलो आणि रात्रीच्या कोकणकन्येने रत्नागिरीला आलो. मंगळवारी संध्याकाळी माझ्या पत्नीला उलट्या सुरू झाल्या. लागण होऊन १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होणार आणि सफर तीनच रात्रींची, म्हणजे शेवटच्या दिवशी लागण झालेले बहुतेक जण घरी जाऊनच आजारी पडणार, हा हिशेब मला तेव्हा सुचला, म्हणून मी बुधवारी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला. पलीकडच्या मुलीने आस्थेने विचारपूस केली, बुकिंग क्रमांक लिहून घेतला आणि मग सांगितले की उतरल्यानंतरच्या आजाराची नोंद करायला त्यांच्या फॉर्ममध्ये रकाना नाही.