नोटो नस्तालीक उर्दू: फुकटचा फॉन्ट, पण कागद खातो

मराठी-उर्दू लग्नपत्रिकेची वर्ड फाइल छापखान्याने स्वतःच्या मशीनवर उघडली, तिथे नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट नव्हता, आणि उर्दूची बाजू नस्तालीक या नेहमीच्या तिरक्या वळणाऐवजी नस्ख या सपाट वळणात छापून आली. अक्षरं बरोबर, जोडणी बरोबर, पण उर्दू वाचणाऱ्याला ती पत्रिका परक्याची वाटते. फेरछपाईचा खर्च आपल्याच माथी. तेव्हा आधी हे: वर्ड फाइल द्यायचीच नाही, फॉन्ट आतच बसवलेली (एम्बेड केलेली) पीडीएफ द्यायची.

बाकी सगळं माफ करता येईल, ओळींमधलं अंतर नाही. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि तिरका उतरत डावीकडे शेवटच्या अक्षराला ओळीवर टेकतो. 'महाराष्ट्र' उर्दूत चार तुकड्यांत पडतो: मीम-हे-अलिफ, रे, अलिफ, शीन-टे-रे. अलिफ आणि रे पुढच्या अक्षराला जोडले जात नाहीत, म्हणून शब्द बुटका राहतो. 'मुंबई'त मात्र मीम, मीम, बे, हमजावाला ये आणि शेवटचा ये असे पाचही जोडलेले, म्हणजे पाच पायऱ्यांचा जिना. फॉन्ट प्रत्येक ओळीला उंचातल्या उंच शब्दाची जागा राखून ठेवतो, मग ओळीत तसा शब्द असो वा नसो.

हिशेब करा. ए-५ पानावर वर-खाली १५ मिमी समास सोडला तर १८० मिमी, म्हणजे साधारण ५१० पॉइंट उरतात. मराठी १२ पॉइंटात, १७ च्या लीडिंगला (ओळीपासून ओळीपर्यंतच्या अंतराला) ३० ओळी. उर्दू १४ पॉइंटात आपोआप पडणारं अंतर ३० च्या पुढेच. ३४ धरलं तर १५ ओळी. निम्म्या! उर्दू बाजूला सरळ दुप्पट पानं.

वर्डमध्ये ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' करून २८ टाकलं की शब्दांची डोकी छाटली जातात, जबर-पेश (स्वरचिन्हं) असतील तर तेही जातात. इथवर पाचपैकी दोनच तारे द्यायचे होते. पण तोच मजकूर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये उर्दू-अरबीसारख्या लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडून २८ च्या लीडिंगला बसवला तर काहीच कापलं जात नाही आणि पानावर १८ ओळी येतात. वरच्या ओळीतल्या ऐन किंवा जीमचं पोट खालच्या उंच शब्दाला कुठे घासतं तेवढं डोळ्यांनी बघायचं. म्हणजे निम्मा दोष वर्डचा निघाला.

आणि मग खरी कसोटी: 'चिंचपोकळी'. चे-नून-चे-पे-वाव एका जोडणीत, तीन-तीन नुक्त्यांचे (ठिपक्यांचे) तीन झुपके खाली आणि नूनचा एक वर. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप या छपाईच्या अक्षरांच्या कंपनीसोबत नूरी नस्तालीक हा फॉन्ट केला, तेव्हा अठरा-वीस हजार जोडतुकडे आधीच काढून ठेवले होते. तोवर उर्दू दैनिकं कातिब, म्हणजे सुलेखनकार, हाताने लिहीत. जमील नूरी हा फॉन्ट त्याच परंपरेतला, त्यामुळे तुकडा यादीत नसला की वळण बदलतं. मराठी गावांची आणि आडनावांची नावं नेमकी तिथेच अडकतात. नोटोत यादी नाही, नियम आहेत: प्रत्येक अक्षराचं रूप शेजाऱ्यावर ठरतं आणि नुक्ते मोकळी जागा बघून सरकतात. चिंचपोकळी सुबक येते. १० पॉइंटला नुक्त्यांचा चिखल होतो, म्हणून १४ च्या खाली उतरू नये.

किरकोळ डोकेदुखी सांगून ठेवतो. वर्डमध्ये साइज बदलूनही उर्दू हलत नसेल तर फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा वेगळा साइज असतो, तो बदला. लिबरऑफिसमध्येही तसाच वेगळा रकाना आहे. कीबोर्ड उर्दूचाच हवा: अरबी कीबोर्डचा काफ आणि ये दिसायला जवळचे, पण युनिकोडमध्ये निराळे, त्यामुळे फाइंड-रिप्लेसला सापडत नाहीत. लेटर स्पेसिंग शून्यच ठेवा, नाहीतर जोडणी तुटते. ओळ भरायला कशिदा (अक्षर ताणणारी रेघ) ओढू नका. नस्खमध्ये आडवी रेघ खपून जाते, इथे उतारावर ठिगळ दिसतं. इनपेज या उर्दू टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलीतला मजकूर थेट चिकटवला तर कचरा येतो, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर शब्दांमधल्या स्पेस तपासा: अलिफ, दाल, रे, वाव यांच्यानंतर स्पेस न देण्याची सवय जुन्या ऑपरेटरांना असते, आणि दोन शब्द एक होऊन बसतात.

पत्रिकेवरचं बिस्मिल्ला आणि वधूवरांची नावं कातिबाकडून लिहून घेऊन स्कॅन करावीत, मोठ्या आकारात फॉन्टची कलम फिकी पडते. मजकुरासाठी साडेतीन तारे. लीडिंग आटोपशीर असलेली आवृत्ती कोणी काढली तर उरलेला दीड देऊन टाकेन.