गोचीड काढण्याचा प्लॅस्टिकचा आकडा: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या घरी, दाराजवळच्या खिळ्याला आमच्या कुत्र्याच्या, बंडूच्या, साखळीशेजारी हिरव्या प्लॅस्टिकच्या दोन आकड्यांची जोडी गेल्या जुलैपासून टांगलेली आहे. दुकानांत ती ‘टिक रिमूव्हर’ या नावाने मागावी लागते. एक आकडा मोठा, दुसरा लहान. सुताराच्या हातोडीला खिळे उपटण्यासाठी मागे जशी दुभंगलेली चोच असते, तशीच आत निमुळती होत जाणारी खाच दोन्हींच्या टोकाला आहे. घडण इतकी साधी की, यासाठी दीडशे रुपये का द्यावेत असे मलाही प्रथम वाटले होते.

त्याआधी आमच्याकडे भुवयांचा चिमटा वापरला जाई. चिमट्याने गोचीड निघते, नाही असे नाही. पण तिचे पोट दाबले जाण्याची भीती असते आणि घाईने ओढले की धड हातात व तोंडाचा भाग कातडीत, अशी स्थिती होते. गोचिडीच्या सोंडेला मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे ती सहज सुटत नाही. शेजारच्या काकू रॉकेलचा बोळा लावायला सांगत आणि आमच्या आईचा भर पेटत्या उदबत्तीच्या टोकावर असे. दोन्ही उपाय टाळावेत, कारण त्रास दिलेली गोचीड सुटण्यापूर्वी आपली लाळ आणि पोटातील द्रव जखमेत सोडू शकते, आणि रोगाचे जंतू त्यातूनच शिरतात.

आकड्याची खरी परीक्षा ऑगस्टमधल्या एका रात्री झाली. बंडूच्या डाव्या कानाच्या आतल्या घडीत राखाडी रंगाची, रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी टम्म झालेली गोचीड दिसली. (एरंडाच्या शास्त्रीय नावातील ‘रिसिनस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच गोचीड असा आहे, ती कानात पाहिल्यावर हे नाव कसे पडले असेल, ते वेगळे सांगावे लागत नाही.) मुलाने मोबाइलचा उजेड धरला. मोठा आकडा कातडीला टेकवून बाजूने सरकवला, गोचीड खाचेत नीट अडकल्यावर किंचित उचलून धरला आणि पेनचे टोपण फिरवावे तसा दोन बोटांत सावकाश फिरवला. तिसऱ्या वेढ्याला ती आपसूक सुटली, पाय हलवत, तोंडासकट. बंडूने फक्त कान झटकला. गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकली, जागा जंतुनाशकाने पुसली आणि हात साबणाने धुतले. नखाने ती चिरडण्याची आमची जुनी सवय मात्र सोडावी लागली, कारण तिच्यातील रक्त आपल्या बोटांना लागणे बरे नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. इंटरनेटवरून मागवलेली पहिली जोडी नकली निघाली असावी. तिच्या खाचेच्या कडा इतक्या जाड होत्या की आकडा कातडीलगत सरकतच नसे. म्हणून विकत घेताना खाच बारीक आणि कडा पातळ आहेत ना, हे हाताळून पाहावे. टाचणीच्या डोक्याएवढ्या पिलांसाठी मात्र लहान आकडाही मोठाच पडतो. तेथे टोकदार चिमटा कातडीलगत धरून सरळ वर ओढणे हाच मार्ग उरतो. लांब केसांच्या कुत्र्याचे केस आधी बाजूला केले नाहीत, तर तेही खाचेबरोबर पिळले जातात.

या वस्तूकडून संरक्षणाची अपेक्षा करू नये. ती लागलेली गोचीड काढते, एवढेच. आम्ही रविवारी इंदूरजवळच्या पाताळपाणी किंवा चोरलकडे बंडूला घेऊन जातो आणि सगळा दोष तिकडच्या गवताला देत असू. आमच्या पशुवैद्यांनी मात्र आधी घराच्या भिंती पाहायला सांगितल्या. आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड घरातही सुखाने वाढते. रक्त पिऊन झाले की खाली उतरते, फटीत शिरते आणि मादी हजारो अंडी घालते. आमच्या ओसरीत, शहाबादी फरशीच्या सांध्यांत आणि दाराच्या चौकटीमागे, ती खरोखरच सापडली. सांधे सिमेंटने भरले, बंडूचे अंथरूण कढत पाण्यात धुतले, तेव्हा कुठे संख्या घटली.

फिरायला नेण्यासाठी पशुवैद्यांनी फ्ल्यूरालेनरची चघळण्याची गोळी दिली. तिने गोचीड चावल्यानंतर मरते, चावायची थांबत नाही. त्यामुळे परतल्यावर कान, काखा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखालची जागा आणि पट्ट्याखालची मान तपासणे सुटत नाही. झटके येणाऱ्या कुत्र्याला ही गोळी पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये. पर्मेथ्रिनयुक्त औषधे गोचिडींना दूरही ठेवतात, पण मांजरासाठी ती जीवघेणी ठरू शकतात आणि आमच्या घरी मांजर असल्याने तो पर्याय बादच झाला.

मोठ्या आकड्याला मी पूर्ण गुण देईन, लहान्याला थोडे कमी. गोचीड काढली की आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकटीत ‘बंडू, डावा कान’ असे लिहून ठेवतो. गोचीड-तापाची लक्षणे, म्हणजे सुस्ती, अन्नावरची वासना उडणे, ताप, नाकातून रक्त येणे, बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. सप्टेंबरात बंडूने दोन दिवस भाकरी हुंगून सोडली, तेव्हा पशुवैद्यांचा पहिला प्रश्न ‘शेवटची गोचीड कधी काढली?’ हाच होता आणि आम्हाला तारीख सांगता आली.