थंडरबर्डमधलं एन्क्रिप्शन, आठ महिन्यांनंतर: गुप्त किल्लीचा बॅकअप आधी घ्या

लॅपटॉप फॉरमॅट केला की थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये आयमॅपवरून, म्हणजे सर्व्हरवरून, सगळे मेल परत उतरतात, पण एन्क्रिप्ट केलेला (किल्लीशिवाय वाचता न येणारा) एकही उघडत नाही. ते उघडणारी गुप्त किल्ली सर्व्हरवर कधी नव्हतीच. ती लॅपटॉपवरच्या थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये होती आणि फोल्डरबरोबर गेली. ‘पासवर्ड विसरलात?’ची सोय इथे नाही. ते मेल गेले म्हणजे गेले.

2020 मधल्या 78व्या आवृत्तीपासून एनिगमेल (एन्क्रिप्शनचं अ‍ॅड-ऑन) आणि जीएनयूपीजी (एन्क्रिप्शन करणारा प्रोग्रॅम) वेगळं टाकायची कटकट संपली. अकाउंट सेटिंग्ज, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, अ‍ॅड की, किल्ली तयार. इतकं सोपं केलं, मग बॅकअप घेतल्याशिवाय पुढे सोडायचंच नाही, एवढी एक गोष्ट का करू नये? नवख्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

म्हणून त्याच दिवशी: टूल्समधलं ओपनपीजीपी की मॅनेजर (ओपनपीजीपी ही इथली एन्क्रिप्शनची पद्धत) उघडा, किल्ली निवडा, फाइल मेनूतून ‘बॅकअप सिक्रेट की’. मागेल तो पासवर्ड नवा द्या, कागदावर लिहा आणि फाइलपासून लांब ठेवा. फाइल दोन पेन ड्राइव्हवर. मग दुसऱ्या मशीनवर इम्पोर्ट करून बघा. किल्ली स्वतःची असल्याची खूण करा आणि खात्याच्या एन्क्रिप्शनच्या पानावर जाऊन ती निवडा. तिथे ‘नन’ तसंच राहिलं, तर इम्पोर्ट होऊनही सही करता येत नाही.

मेलचा विषयही एन्क्रिप्ट होतो, म्हणून न उघडलेल्या मेलवर विषयाच्या जागी तीन टिंबं दिसतात. त्याचा सुरुवातीला राग येतो, आणि ती सोय बंद करा असंच माझं मत होतं. आता उलट सांगेन, चालू ठेवा. ‘पॅन आणि फॉर्म 16’ असा विषय उघडा गेला तर निम्मी माहिती बाहेर पडलीच.

समोरचा ब्राउझरमध्ये मेल बघत असेल, तर त्याला फक्त encrypted.asc नावाची जोडफाइल दिसते. आधी फोन करून सांगा. पहिला मेल साधाच पाठवा, सोबत तुमची सार्वजनिक किल्ली जोडा, म्हणजे इतरांना तुमच्यासाठी मेल एन्क्रिप्ट करता येईल अशी जोडीची किल्ली.

थंडरबर्डमधल्या किल्ल्या आणि पासवर्ड कुलूपबंद करणारा प्रायमरी पासवर्ड लावाच, नाहीतर लॅपटॉप हातात आलेला कुणीही मेल वाचेल.

किल्लीची मुदत आपोआप तीन वर्षांची पडते. ती संपली तरी जुने मेल उघडतात. मुदत वाढवल्यावर मात्र सार्वजनिक किल्ली सगळ्यांना पुन्हा पाठवावी लागते. नाहीतर त्यांच्याकडे जुनीच तारीख राहते आणि तुम्हाला एन्क्रिप्ट करताना त्यांचं अडतं.