कूपर्सटाऊनचं बेसबॉल म्युझियम, त्यातही पत्रकारांचा कोपरा

बेसबॉल धड कळत नसलं तरी चालेल, पण मॅच रात्री टीव्हीवर बघूनही सकाळी पेपरात तिचा रिपोर्ट वाचायची खोड असेल तर न्यूयॉर्क राज्यातलं कूपर्सटाऊनचं बेसबॉल हॉल ऑफ फेम एकदा बघाच. १९३९ पासूनचं म्युझियम आहे, गाव छोटंसं, न्यूयॉर्क शहरातून गाडीने साधारण चार तास.

सगळी गर्दी असते मानकऱ्यांच्या ब्राँझच्या फलकांपाशी, जुना दिग्गज खेळाडू बेब रूथ याच्यासमोर सेल्फी वगैरे. तिथे हेन्री चॅडविकला शोधा. हा मूळचा इंग्लंडचा, आधी क्रिकेटचं वार्तांकन करायचा, मग बेसबॉलकडे वळला आणि बॉक्स स्कोअर (मॅचमधल्या कामगिरीचा आकड्यांचा तक्ता) रुजवला तो यानेच. बाकीच्या पत्रकारांना ब्राँझ नाही, त्यांच्यासाठी लायब्ररीच्या बाजूला 'स्क्राइब्ज अँड माइकमेन' नावाचा वेगळा भाग आहे, तिथे अवॉर्ड मिळालेल्या पत्रकारांची आणि कॉमेंटेटर्सची नावं. बरेच जण तिथून सरळ पुढे निघून जातात, मी मात्र तिथेच रमलो.

उदाहरणार्थ रिक हमेल. सेंट लुईसचा पोस्ट-डिस्पॅच हा एकच पेपर, १९७१ ते २०२२. लोक त्याला 'कमिश' म्हणायचे. आता एका टीमचं बीट, म्हणजे वर्षभर त्याच टीमचं वार्तांकन, म्हणजे काय ते बघा, सीझनच्या १६२ मॅच, त्यातल्या निम्म्या बाहेरगावी, त्याआधी फेब्रुवारीपासून स्प्रिंग ट्रेनिंग. रात्री मॅच चालू असतानाच रिपोर्ट टाइप करत जायचा, आठव्या इनिंगपर्यंत 'आपले हरले' असं सगळं रचून तयार आणि शेवटच्या नवव्यात कोणीतरी होमरन ठोकतो, की वरचे सगळे परिच्छेद उडवून नवीन लिहा, कारण छपाई कोणासाठी थांबत नाही, मग धावत खाली क्लबहाऊसमध्ये (खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये) जाऊन ज्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, मॅच घालवली त्यालाच विचारा की बाबा काय झालं, आणि उद्या त्याच्याबद्दल जे छापून येईल त्यानंतर परत त्याच्याच समोर उभे राहा. नॅशनल टीव्हीवाला एक दिवस येऊन टीका करून जातो, गावातल्या पेपरवाल्याला पळून जायची सोय नाही. मला तरी हे खेळण्याइतकंच अवघड वाटतं.

वेंडेल स्मिथचं नाव बघून तर थांबलोच. पिट्सबर्ग कुरियर या कृष्णवर्णीयांच्या पेपरचा हा पत्रकार, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन, त्याचं नाव डॉजर्स टीमच्या ब्रँच रिकीला सुचवणारा हाच, १९४६-४७ मध्ये त्याच्यासोबत फिरला, आणि याला स्वतःला प्रेस बॉक्समध्ये जागा नाही! प्रेक्षकांत बसून टाइपरायटर बडवायचा. अवॉर्ड मिळालं १९९३ चं, तोवर त्याला जाऊन वीसेक वर्षं झाली होती. अवॉर्डला तेव्हा ज्या स्पिंक यांचं नाव होतं ते खेळातल्या वर्णभेदाचे समर्थक, त्यामुळे ते नाव २०२१ मध्ये काढलं. उशिरा का होईना, काढलं.

आणि क्लेअर स्मिथ. १९८३ पासून हार्टफर्ड कुरंट या पेपरसाठी न्यूयॉर्कची यांकीज टीम कव्हर करायची. १९८४ च्या प्लेऑफमध्ये पाद्रेज टीमच्या क्लबहाऊसमधून तिला अक्षरशः बाहेर काढलं, का तर बाई आहे म्हणून. तेव्हा त्याच टीमचा खेळाडू स्टीव्ह गार्वी स्वतः बाहेर आला, तिला हवं तेवढं बोलला, आणि तिची बातमी वेळेत गेली. तिला २०१७ चं अवॉर्ड मिळालं, हे मिळवणारी पहिली महिला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो केवळ माझ्या हावरटपणामुळे, मला अख्खा मजला पत्रकारांचा हवा होता. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी बॅटी-ग्लोव्हज दाखवून घ्या म्हणजे इथे निवांत वाचता येईल. जुलैअखेरीस इंडक्शनचा वीकेंड असतो, तेव्हा पार्किंगचे हाल होतात, साधा मधला वार बघून जा. खाणं मात्र घरून न्या, मेन स्ट्रीटवर एका ठिकाणी घेतलेलं सँडविच महागही होतं आणि गारही.